कुशीवर झोपणाऱ्यांनी गादी कशी पारखावी

गादीच्या दुकानात लोक काय करतात ते एकदा लांबून बघा. आधी तळहाताने गादी दाबतात. मग काठावर बसून दोनदा उसळून बघतात. दुकानदाराने फारच आग्रह केला तर चपला काढतात, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करतात आणि उताणे आडवे होतात. पंख्याकडे बघत अर्धं मिनिट काढतात आणि ‘बरी वाटते’ म्हणत उठतात. तळहात, बैठक आणि पाठ अशा तिघांनी गादी पास केली. ज्या खांद्याला आणि खुब्याला तिच्यावर रात्री काढायच्या आहेत, त्यांना कोणी विचारलंच नाही.

मीही हेच केलं होतं. चार इंची, फळीसारखी गादी घेतली. दुकानदार म्हणाला, “डॉक्टर लोक हीच घेतात साहेब, ऑर्थो आहे.” आईचं मत त्याहून पक्कं होतं: मऊ गादीवर कंबर जाते, कडकच घ्यावी. तीन महिन्यांत उजवा खांदा मला रात्री दोनला उठवायला लागला. डाव्या कुशीवर वळलो की तासाभराने डावा. हाताला मुंग्या, सकाळी मान अवघडलेली. मी आधी ऑफिसच्या खुर्चीला दोष दिला, मग लॅपटॉपला, मग वयाला. गादीवर संशय सगळ्यात शेवटी आला, कारण ती तर ‘चांगली’ गादी होती.

ती वाईट नव्हतीच. ती उताण्या झोपणाऱ्या माणसाची गादी होती.

आपल्यातले बरेचजण कुशीवर झोपतात. डेन्मार्कमधल्या ६६४ नोकरदारांच्या अंगावर हालचाल टिपणारी छोटी यंत्रं लावून केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंथरुणातला सुमारे ५४ टक्के वेळ कुशीवर, ३७ टक्के उताणं आणि जेमतेम ७ टक्के पालथं झोपण्यात गेलेला दिसला. आपल्याकडे तर दुपारच्या झोपेचं नावच वामकुक्षी, म्हणजे डावी कूस. पुढे आपण शब्द ठेवला आणि कूस विसरलो, तो भाग वेगळा. शिवाय डॉक्टरही अनेकांना मुद्दाम कुशीवर झोपायला सांगतात: रात्री आंबट पाणी वर येतं त्यांना डाव्या कुशीवर, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईला कुठल्याही एका कुशीवर, आणि पाठीवर झोपल्यावर जास्त घोरणाऱ्यांनाही. सल्ला बरोबर असतो. पण घरातली गादी तीच कडक, म्हणून एक दुखणं कमी होतं आणि खांद्याचं नवं सुरू होतं.

खांदा रुंद, खुबा जड

उताणं झोपलं की वजन डोकं, पाठ, नितंब, पोटऱ्या अशा मोठ्या पृष्ठभागावर पसरतं. कुशीवर वळलो की टेकायला उरते ती शरीराची अरुंद बाजू. त्यातही खांदा आणि खुबा ही दोन हाडं पुढे आलेली. वजन तेवढंच, टेकायची जागा कमी, म्हणून दर चौरस इंचावरचा दाब वाढतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला अगदी काटकोनात कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून थोडं तिरपं ठेवायला परिचारिका शिकलेल्या असतात, ते याच कारणाने. खुब्याच्या हाडावरची कातडी पातळ असते आणि तिथे जखम लवकर होते. निरोगी माणसाला जखम होत नाही, कारण रग लागली की तो झोपेतच कूस बदलतो. कडक गादीवर हे कूस बदलणं सारखं सारखं होतं, आणि सकाळी झोप झाल्यासारखी वाटत नाही.

दाबाचं एवढं लोकांच्या लक्षात येतं. दुसरी गोष्ट सहसा सुटते, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. थोडं गणित करू. समजा एखाद्याची खांद्यापाशी रुंदी १७ इंच, कमरेपाशी १२ आणि खुब्यापाशी १४. कणा मधोमध असतो, म्हणजे कुशीवर झोपल्यावर कण्यापासून खालचं अंतर खांद्यापाशी साडेआठ इंच, कमरेपाशी सहा आणि खुब्यापाशी सात. कणा जमिनीला समांतर राहायचा तर खांदा कमरेपेक्षा अडीच इंच जास्त खोल गेला पाहिजे आणि खुबा एक इंच. खालचा हात आपण पुढे घेतो, खांदाही जरा पुढे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात अडीचऐवजी दोन इंचांत भागतं. पण दोन इंच हे फळीवर मिळत नाहीत.

आता गंमत बघा. जास्त खोल जायला हवा खांदा. पण जास्त जड असतो ओटीपोट-नितंबांचा भाग. सगळीकडे सारखाच दबणारा फोम असेल तर जड भाग जास्त खाली जाणार, हलका भाग वर राहणार. म्हणजे नेमकं हवं त्याच्या उलट. कुशीवर झोपणाऱ्याची गादी निवडणं अवघड जातं ते यामुळे. गादी नुसती मऊ असून भागत नाही आणि नुसती कडक असूनही नाही. तिने खांद्याला खड्डा द्यायचा आणि त्याच वेळी कमरेला टेकू द्यायचा.

गादी फार कडक असली तर खांदा आणि खुबा दोन खांबांसारखे उभे राहतात आणि मधली कंबर अधांतरी राहून खाली झुकते. फार मऊ असली तर नितंब बुडतात आणि आख्खं शरीर झोळीत ठेवल्यासारखं वाकतं. पहिल्या प्रकारात रात्री खांदा बोलतो, दुसऱ्यात सकाळी कंबर. दुखणं कुठलं आणि कुठल्या वेळी, एवढं जरी नीट पाहिलंत तरी आपली गादी कुठल्या बाजूला चुकली आहे याचा अंदाज येतो.

तीच गादी, दोन माणसं

‘ही गादी मऊ की कडक?’ या प्रश्नाला वजनाशिवाय उत्तर नाही. ४८ किलोची मुलगी एखाद्या गादीवर अर्धा इंचच खाली जाते आणि तिला ती दगड वाटते. ९५ किलोचा तिचा बाप त्याच गादीत थेट तळाला टेकतो आणि त्याला ती भुसभुशीत वाटते. म्हणून इंटरनेटवरचे ‘अप्रतिम गादी, पाच तारे’ वाचताना लिहिणाऱ्याचं वजन आणि झोपायची सवय कळत नसेल तर त्या ताऱ्यांचा उपयोग नाही. ढोबळ अंदाज असा: ५५-६० किलोच्या आतल्यांनी वरचा थर सरळ मऊ घ्यावा, ६० ते ८५ मधल्यांना मध्यम, त्यापुढच्यांना मध्यमपेक्षा जरा घट्ट, पण जाड. जड माणसाने कडक गादी घ्यावी असं सरसकट सांगतात ते अर्धवट आहे. त्याला कडक तळ हवा आणि त्यावर खांदा मावेल एवढा भरपूर थर हवा. सहा इंचांत दोन्ही बसवणं कठीण, त्याने आठ इंच बघावी.

कडक गादीच पाठीला चांगली, हा समज कुठून आला सांगता येत नाही. चटईवर, वाकळेवर झोपलेल्या पिढ्यांना पाठीचा त्रास नव्हता, असं आपण ठोकून देतो. त्यांना विचारलं कोणी? याची नीट तपासणी २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ जुन्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं आणि कामातली अडचण, दोन्ही अधिक कमी झालेलं होतं. हा अभ्यास कुशीवर झोपणाऱ्यांपुरता नव्हता हे खरं. पण उताण्यांसह सगळ्यांतच जर कडक गादी मागे पडली, तर कुशीवाल्यांनी तिच्या वाटेला कशाला जावं?

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथे वापरलेल्या युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. हल्ली गादी विकणाऱ्यांच्या पट्टीवर बहुधा याच्या उलट असतं. शिवाय एका कंपनीचं ‘मीडियम फर्म’ दुसऱ्या कंपनीचं ‘फर्म’ असू शकतं. तेव्हा आकड्यावर विसंबू नका.

डेन्सिटीचा घोळ

आपल्याकडच्या दुकानात एकच शास्त्र चालतं: डेन्सिटी. “हा बत्तीसचा, हा चाळीसचा. चाळीस घ्या, जास्त कडक.” यातला आकडा खरा, अर्थ चुकीचा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो किती कडक आहे, हे वेगळं माप आहे. ठरावीक आकाराची तबकडी फोममध्ये चौथा हिस्सा खाली दाबायला किती बळ लागतं, ते न्यूटनमध्ये मोजतात. चाळीस डेन्सिटीचा फोम लोण्यासारखाही करता येतो आणि फळीसारखाही. कुशीवर झोपणाऱ्याला हवा असतो डेन्सिटीने जास्त पण स्पर्शाने मऊ असा वरचा थर. दुकानात हे वाक्य असंच्या असं म्हणून बघा. समोरचा गोंधळला तर पुढचं दुकान गाठा.

आकडा खरा आहे का, हे मात्र वजनकाट्यावर कळतं. ७२ बाय ३६ इंचांची सहा इंची गादी म्हणजे जवळपास पाव घनमीटर. पूर्ण फोम ४० डेन्सिटीचा असेल तर नुसत्या फोमचं वजन १० किलोच्या आसपास भरलं पाहिजे; ३२ चा असेल तर आठ किलोच्या थोडं वर. कव्हरचे एक-दीड किलो वेगळे. ‘चाळीसची’ म्हणून दिलेली गादी कव्हरसकट आठ किलो भरली, तर विक्रेत्याला हिशेब विचारायला हरकत नाही.

याच डेन्सिटीच्या श्रद्धेवर रिबॉन्डेड फोम विकला जातो. फोमच्या कारखान्यातली कातरणं, तुकडे गोळा करून, चिकटवून, दाबून केलेला ठोकळा. कापलात तर रंगीबेरंगी तुकडे दिसतात. त्याची डेन्सिटी ८०, १०० अशी सहज भरते आणि किंमत कमी असते. तळाला टेकू म्हणून तो उपयोगी आहे, टिकतोही. पण आख्खी गादीच त्याची, वर अर्धा इंच मऊ फोम आणि लेबलावर ‘ऑर्थोपेडिक’ असं असेल, तर कुशीवर झोपणाऱ्याने तिथून सरळ उठावं. ऑर्थोपेडिक हा शब्द कंपनी स्वतःच्या मर्जीने छापते. त्यामागे तुमच्या हाडांच्या डॉक्टरने काही तपासलेलं नसतं. माझी गादी याच जातीची होती.

फोममधला चांगुलपणा ओळखायची एक साधी खूण आहे. मूठ हळूहळू खाली दाबत जा. चांगला फोम आधी सहज जागा देतो आणि खोल गेलं की उलट रेटा वाढवतो. हलका फोम आधीही दबतो आणि नंतरही दबतच जातो, मग एकदम तळ लागतो. कारखान्यात हेच आकड्यात मोजतात: फोम ६५ टक्के दाबायला लागणारं बळ भागिले २५ टक्के दाबायला लागणारं बळ. साध्या फोममध्ये उत्तर २ च्या आसपास येतं, एचआर (हाय रेझिलिएन्स, म्हणजे चटकन उसळून पूर्ववत होणारा) म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या फोममध्ये त्याहून बरंच वर. आपल्या भाषेत सांगायचं तर खांद्याला वरवरचा मऊपणा आणि नितंबाला खोलवरचा रेटा, दोन्ही एकाच फोममधून मिळतात. म्हणून मेमरी फोमचे पैसे नसतील तर मऊ एचआरचा थर असलेली गादी मला जास्त पटते.

कापसापासून स्प्रिंगपर्यंत

कापसाची गादी नुकती पिंजून भरलेली असते तेव्हा कुशीवर झोपणाऱ्याला स्वर्ग असतो. कापूस खांद्याभोवती बसतो आणि कमरेखाली भरलेला राहतो. दुर्दैवाने हा स्वर्ग काही महिन्यांचा. कापूस दबतो, गोळे होतात, आणि झोपायच्या जागी खड्डा पडून दोन्ही बाजूंना बांध तयार होतात. पिंजारी दारावर यायचा तोवर दर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा फुलवून घेता यायची. आता शहरात तो मिळणं कठीण झालंय. तुमच्या गावात असेल, आणि उन्हात टाकायला गच्ची असेल, तर कापसाला नाक मुरडू नका.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेले थर. हवा खेळती, उष्म्यात बरी, पण दबण्याच्या बाबतीत कंजूष. नुसती काथ्याची गादी कुशीवाल्याला चालणार नाही. वर दोन इंच लेटेक्स किंवा मऊ फोम असेल तर विचार करावा.

स्प्रिंगमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांत कुशीवर झोपणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोनेल स्प्रिंगमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात. खुबा एक स्प्रिंग दाबतो आणि ती शेजारणींना सोबत खाली ओढते. मग कमरेखालचा भागही खाली जातो, म्हणजे टेकूच निघून जातो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असते. खांद्याखालच्या स्प्रिंगा खाली जातात, कमरेखालच्या वर राहतात. ‘खांद्याला खड्डा, कमरेला टेकू’ हे काम यंत्राच्या अंगाने पॉकेट स्प्रिंगच सर्वांत चांगलं करते. बिलावर नुसतं ‘स्प्रिंग’ लिहिलं असेल तर ती बहुधा बोनेल, हे धरून चाला.

मेमरी फोमची कुंडली मजेदार आहे. १९६६ साली चार्ल्स योस्ट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने तो नासाच्या कामासाठी तयार केला, विमानाच्या आसनात बसणाऱ्याला धक्क्यापासून वाचवायला. गाद्यांमध्ये तो पुढे कित्येक वर्षांनी आला. दाब पसरवण्यात तो उत्तम. दुखऱ्या खांद्याला पहिल्याच रात्री फरक जाणवतो. पण तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत ताठरतो. दुकानातल्या एसीत जी गादी मध्यम वाटली ती नागपूरच्या मे महिन्यात चिखल होऊ शकते आणि नाशिकच्या जानेवारीत वीट. शिवाय तो सावकाश पूर्ववत होतो. रात्री वारंवार कूस बदलणाऱ्याला आपल्याच खड्ड्यातून चढून बाहेर यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे नकोसं होतं. अंगाला घाम येणाऱ्यांनीही विचार करावा. घ्यायचाच तर वर दोन इंच पुरे. आठ इंचांतले पाच इंच मेमरी फोम म्हणजे मिरवणं झालं.

लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फेस करून घट्ट केलेला थर. आपल्याकडचं बहुतेक रबर केरळातलं. तोही खांद्याला जागा देतो, पण लगेच उसळून वर येतो. कूस बदलणं सोपं, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही. किमतीला जड आणि उचलायलाही जड. हवामान आणि झोपायची सवय दोन्ही धरून माझी पसंती यालाच, निदान वरच्या दोन-तीन इंचांसाठी. ‘लेटेक्स फील’ असं छापलेलं मात्र लेटेक्स नसतं, तो फोमच.

हल्ली ‘सात झोन’च्या गाद्या निघाल्या आहेत. खांद्यापाशी मऊ, कमरेपाशी घट्ट अशी पट्ट्यांची रचना. कल्पना वरच्या गणिताला धरूनच आहे. पण पट्ट्या एका ठरावीक उंचीच्या माणसाला धरून कापलेल्या असतात. पाच फुटांच्या बाईचा खांदा मऊ पट्टीवर येईलच असं नाही. येतो तो घट्ट पट्टीवर, आणि मग साध्या गादीपेक्षा वाईट. आपला खांदा कुठे पडतो ते झोपून, हाताने चाचपून बघायचं.

टिकल्यांची परीक्षा

दुकानात जायचं ते स्वतःची उशी बगलेत मारून. लोक बघतात, बघू दे. नेहमीच्या कुशीवर, नेहमी जसे पाय दुमडता तसे दुमडून, निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक गादी छान वाटते. सातव्या-आठव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो. तोपर्यंत विक्रेत्याचं बोलणं चालू असेल तर त्याला चहा मागवायला सांगा. मग दुसरा हात कमरेखाली सरकवून बघा. सहज आरपार गेला तर कंबर अधांतरी आहे. जरा अडकत, गादीला घासत गेला तर ठीक.

खरी तपासणी घरी. ऑनलाइन गादी विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या काही आठवड्यांची, कधी शंभर रात्रींची मुदत देतात. परत करताना खर्च कोणाचा आणि कव्हर उघडलेलं चालतं का, हे आधी वाचून घ्या. मग टिकल्यांचं एक पाकीट आणा. अंगाला बसणारा पातळ बनियन किंवा टीशर्ट घाला आणि घरातल्या कोणाला तरी कण्यावर चार टिकल्या लावायला सांगा. एक मानेच्या मुळाशी, जिथे मान खाली घातल्यावर टणक मणका हाताला लागतो. दुसरी दोन खवाट्यांच्या मधोमध, तिसरी कमरेशी, चौथी माकडहाडाच्या वर. कुशीवर झोपा, अंग सैल सोडा, दहा मिनिटं जाऊ द्या. मग पाठीमागून, मोबाइल गादीच्या पातळीला धरून फोटो.

टिकल्या एका सरळ आडव्या ओळीत दिसल्या तर गादी जमली. खवाट्यांमधली टिकली सगळ्यांत वर आणि कमरेची खाली असेल तर खांदा आत गेलेला नाही: गादी कडक आहे. माकडहाडाकडची टिकली सगळ्यांत खाली असेल तर नितंब बुडताहेत: गादी मऊ आहे, किंवा मधोमध बसली आहे. खालच्या तीन ओळीत आणि फक्त मानेची टिकली ओळ सोडून वर-खाली असेल तर दोष गादीचा नाही, उशीचा.

उशीचं इतकंच. भिंतीला खांदा लावून सरळ उभे राहा. भिंत आणि डोक्याची बाजू यांच्यात जे अंतर राहतं त्यातून खांदा गादीत जितका रुततो ते वजा करा. तेवढी तुमची दबलेल्या उशीची उंची. बऱ्याच जणांची ती तीन ते पाच इंचांत येते. आता महत्त्वाचं: गादी मऊ घेतली की खांदा खाली जातो आणि तीच जुनी उशी एकदम उंच पडते. ‘नवीन गादीने मान धरली’ ही तक्रार पुष्कळदा इथे असते. सावरीच्या कापसाची उशी असेल तर शिवण उसवून मूठभर कापूस काढायचा. त्यात जी सोय आहे ती कुठल्याच तयार उशीत नाही. दोन गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी घेतली तर वरचा पाय कमरेला पीळ देत नाही, हेही करून बघा.

नवी गादी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जरा सैल होते आणि अंगही तिला सरावतं, म्हणून पहिल्याच सकाळी निकाल लावू नये. पण महिन्यानंतरही खांदा तसाच दुखत असेल, किंवा दिवसाही हात वर नेता येत नसेल, तर गादी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खांदा आखडण्याचं, म्हणजे फ्रोझन शोल्डरचं दुखणं मधुमेहींमध्ये जास्त दिसतं, आणि ते कुठल्याही गादीने बरं होत नाही.

नवरा-बायकोपैकी एक कुशीवर झोपणारा हलका आणि दुसरा उताणा झोपणारा जड असेल तर एकाच गादीवर दोघांचं समाधान करण्याच्या फंदात पडू नये. ७२ बाय ३६ च्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवून वर एकच चादर घालावी. मधली फट दोन-चार दिवस खटकते.

एक पैसाही न घालवता करता येण्यासारखी तपासणी उरली. गादी कडक असल्याचा संशय असेल तर घरातली जाड रजई दुहेरी घडी करून किंवा दोन-तीन गोधड्या एकावर एक टाकून तिच्यावर आठवडाभर झोपा. खांद्याला उतार पडला तर आख्खी गादी बदलायची गरज नाही. वर दोन इंचांचा मऊ थर आणून टाकला तरी भागेल. उलट गादी खचल्याचा संशय असेल तर ती चार रात्री जमिनीवर टाकून झोपा. कंबर सुधारली तर दोष पलंगाच्या वाकलेल्या फळीत आहे. सुतार बोलवा.

मी गोधड्यांपासूनच सुरुवात केली होती. आता माझ्या पलंगावर पॉकेट स्प्रिंग आणि तिच्यावर दोन इंच लेटेक्स आहे. ती चार इंची फळी आईच्या खोलीत गेली. ती उताणी झोपते, छातीवर हात ठेवून, रात्रभर जागची हलत नाही, आणि तिला ती गादी मनापासून आवडते. डॉक्टर लोक हीच घेतात, असं ती शेजारच्या काकूंना सांगत असते.